जुन्या विमानाच्या इंजिनाला अल्टरनेटर बसवताना

जुन्या छोट्या विमानाचा मालक जनरेटर काढून अल्टरनेटर बसवण्याचा विषय काढतो, तेव्हा बोलणे बहुधा थेट ‘कोणता घ्यावा’ इथूनच सुरू होते. माझ्या मते ‘किती अँपिअर लागतात’ याचा हिशेब कागदावर उतरेपर्यंत या प्रश्नाला अर्थ नाही. त्या हिशेबातून पुढचे सगळे ठरते. शिवाय हे काम एक भाग काढून दुसरा लावण्याइतके सरळ नाही, कारण त्यात विमानाची वीजव्यवस्था चालू असताना आणि बिघडल्यावर कशी वागते, हेच बदलते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. कॉन्टिनेन्टल सी-८५, सी-९०, ओ-२०० किंवा लायकमिंग ओ-२३५, ओ-२९०, ओ-३२० या इंजिनांच्या जुन्या आवृत्त्यांवर १२ व्होल्टच्या बॅटरीला भारित ठेवण्यासाठी २० किंवा ३५ अँपिअरचा डीसी जनरेटर असे. त्या काळी विमानात एक रेडिओ आणि चार दिवे असत, म्हणून तो पुरत असे. अल्टरनेटरच्या उलटसुलट प्रवाहाला एकाच दिशेचा करणारे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला आणि त्याच दशकात विमान कारखान्यांनीही तोच रस्ता धरला. सेस्नाच्या अनेक विमानांवर फोर्डच्या रचनेचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर आला, तर पायपरच्या चेरोकीवर क्रायस्लरच्या रचनेचा. म्हणजे मोटारींसाठी घडलेला भागच तपासणी-मान्यतेची वाट चालून विमानावर पोहोचला आहे.

जनरेटरची मर्यादा त्याच्या कम्युटेटरमध्ये आहे. तिथे निर्माण होणारा सगळा प्रवाह फिरत्या आर्मेचरमधून, तांब्याच्या पट्ट्यांवरून, ब्रशमार्गे बाहेर पडतो. ते जड आर्मेचर फार वेगाने फिरवले तर त्यातली तार केंद्रोत्सारी बलाने सुटू लागते, म्हणून त्याची पुली मोठी ठेवून वेग कमी राखावा लागतो. परिणामी इंजिन मंद चालत असताना जनरेटर जवळजवळ काहीच देत नाही, आणि रात्री दिवे लावून टॅक्सी करताना अँमीटरचा काटा ऋण बाजूला बसून राहतो. अल्टरनेटरमध्ये ही मांडणी उलटी असते. फिरतो तो चुंबक, आणि जड प्रवाह मिळतो तो जागच्या जागी स्थिर असलेल्या स्टेटरमधून. ब्रशना गुळगुळीत स्लिप रिंगवरून रोटरच्या गुंडाळीला दोन-तीन अँपिअर पोहोचवायचे, एवढेच काम उरते. त्यामुळे तो इंजिनाच्या सुमारे तिप्पट वेगाने फिरवता येतो आणि मंद गतीलाही कामापुरता प्रवाह देतो. डायोड प्रवाहाला उलट जाऊ देत नाहीत, म्हणून बॅटरी जनरेटरमधून रिकामी होऊ नये यासाठी लागणारा कट-आउट रिले निघून जातो. स्टेटरची स्वतःची प्रतिबाधाच कमाल प्रवाहाला लगाम घालते, म्हणून प्रवाहमर्यादकही नको. जुन्या तीन गुंडाळ्यांच्या रेग्युलेटर डब्यातले दोन तृतीयांश काम असे आपोआप संपते.

याची किंमत एकाच ठिकाणी मोजावी लागते, पण तिचे भान ठेवलेले बरे. जनरेटरच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते, म्हणून बॅटरी उतरलेली असतानाही हाताने प्रोपेलर फिरवून इंजिन सुरू केले तर जनरेटर हळूहळू उठतो. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये तेवढे चुंबकत्व सहसा नसते. त्याला जागे करायला बॅटरीचा प्रवाह लागतो, आणि बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर मास्टर स्विचने चालणारा, बॅटरीला व्यवस्थेशी जोडणारा कॉन्टॅक्टरही ओढला जात नाही. वर्षानुवर्षे हाताने इंजिन सुरू करून वेळ निभावणाऱ्या वैमानिकाला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे, कारण इंजिन सुरू होईल, विमान उडेल, आणि वीज मात्र येणारच नाही.

आता हिशेब. साध्या तापतारेचा १०० वॉटचा लँडिंग लाइट १४ व्होल्टच्या व्यवस्थेत सात-आठ अँपिअर घेतो. पंखांवरचे आणि शेपटीचे जुने दिवे मिळून पाच-सहा, वेगमापकाच्या पिटो नळीचे तापक साधारण लँडिंग लाइटइतके, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण) एक-दोन, रेडिओ ऐकताना थोडे आणि बोलताना बरेच अधिक. ही बेरीज सहज २२-२४ वर जाते. एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत असे म्हटले आहे की भारावर लक्ष ठेवण्याची वेगळी सोय किंवा सूचनाफलक नसेल, तर सततचा भार उत्पादनक्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे २० अँपिअरच्या जनरेटरला १६, ३५ ला २८ आणि ६० ला ४८. वरची बेरीज २० च्या जनरेटरला झेपणारी नाही, हे उघड आहे. पण त्याच विमानात एलईडी दिवे बसवले तर लँडिंग लाइट तीन-चार अँपिअरवर आणि बाकीचे दिवे मिळून दीड-दोनवर येतात, आणि पिटो तापक वगळता सगळे काही दहाच्या आत बसते. ढगांत न जाणाऱ्या, दिवसा किंवा चांदण्या रात्री उडणाऱ्या विमानाला मग जुना जनरेटरही पुरेल, फक्त तो धडधाकट हवा. अल्टरनेटरचा उत्साह या टप्प्यावर ओसरला तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट अमेरिकेत नोंदलेल्या विमानांपुरती आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तिथल्या नियमांनुसार जी विमाने मूळ प्रमाणपत्रात इंजिनचलित वीजव्यवस्थेशिवाय आली, त्यांना काही हवाई क्षेत्रांत ट्रान्सपाँडरपासून आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एडीएस-बीपासून (विमानाचे स्थान सतत प्रसारित करणाऱ्या उपकरणापासून) सूट आहे. मात्र नंतर अशी वीजव्यवस्था मान्यतेने बसवली की ती सूट जाते. ए-६५ इंजिनाच्या, वीज नसलेल्या पायपर कब विमानावर हौसेने अल्टरनेटर चढवणाऱ्याला त्यापाठोपाठ ही दोन उपकरणेही बसवावी लागू शकतात. त्यामुळे अशा विमानात केवळ एका हातरेडिओसाठी वेगळी भारित होणारी बॅटरी ठेवणे अधिक शहाणपणाचे.

बसवण्याच्या यांत्रिक भागात दोन घराणी पडतात. लायकमिंगमध्ये प्रोपेलरच्या मागे, स्टार्टरच्या दातेरी चकतीच्या आधारावर पट्ट्याची खाच असते आणि अल्टरनेटर पुढच्या बाजूला ब्रॅकेटवर बसतो. जनरेटरचा ब्रॅकेट त्याला चालत नाही, आणि जनरेटरची मोठी पुली तर अजिबात नको, कारण तिने अल्टरनेटरचा वेग इतका पडेल की बदल करण्याचा हेतूच हरवेल. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी लावून पाहायचे. रेषा थोडी चुकली तरी पट्ट्याच्या कडा झिजून काळी भुकटी पडू लागते. कंपनांमुळे ब्रॅकेटला तडे जातात, म्हणून दर तपासणीत तिथे आरसा आणि टॉर्च लावून पाहायला हवे, विशेषतः बोल्टच्या भोकांभोवती. पट्टा बदलायचा तर प्रोपेलर उतरवावा लागतो. म्हणून प्रोपेलर उतरलेलाच असताना एक जादा पट्टा आत ओवून, तो कशालाही घासणार नाही असा बांधून ठेवण्याची काही जणांना सवय असते. तेलाने आणि उष्णतेने तो जागेवरच खराब होतो, अशी तक्रारही तितकीच जुनी आहे. मला ती तक्रार पटते.

कॉन्टिनेन्टलच्या ज्या छोट्या इंजिनांवर मागच्या बाजूला गिअरने चालणारा जनरेटर असतो, तिथे पट्ट्याची कटकट नाही, पण जोखीम वेगळी आहे. जनरेटर बाहेर काढला की त्याच्या शाफ्टवरचा गिअर हाताशी येतो. तो हबवर थेट बसलेला नसतो. दोघांच्या मध्ये रबराचे बुश असतात, इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का शोषून घेणारे. गिअर एका हातात आणि शाफ्ट दुसऱ्या हातात धरून हलके पिळले तर चांगले रबर किंचित दबते आणि परत येते. जुने रबर एक तर दगडासारखे कडक झालेले असते किंवा तेलाने फुगून मऊ पडलेले, आणि त्याच्या कडांचे बारीक काळे तुकडे नखाने निघतात. हे सगळे इंजिनाच्या तेलात चालते, तेव्हा त्याचे तुकडे पडतात ते थेट तेलाच्या मार्गात. कॉन्टिनेन्टलच्या मोठ्या इंजिनांवर याच कामासाठी असलेला कपलिंग (शाफ्टला गिअर जोडणारा भाग) विशिष्ट टॉर्कला घसरावा अशी रचना असते, म्हणजे अल्टरनेटर जाम झाला तरी इंजिनाचे गिअर वाचतात. तो कपलिंग त्या टॉर्कच्या आधीच घसरतो का, हे बसवण्यापूर्वी तपासावे लागते. जुन्या जनरेटरचा कपलिंग काढून नव्या अल्टरनेटरवर चढवण्याची काटकसर मी कोणालाही सुचवणार नाही. हबचा नट ठरलेल्या टॉर्कला कसून त्यात नवी कॉटर पिन घालणे, तेलाचा सील नवा घेणे, गॅस्केटची जाडी पाहणे, ही तासाभराची कामे आहेत. त्यांत कसूर झाली तर फटका मात्र संपूर्ण इंजिनाला बसतो.

फिरण्याच्या दिशेचा प्रश्नही इथेच येतो. अल्टरनेटरमध्ये वीज निर्माण होण्याला दिशेचे सोयरसुतक नाही, कारण डायोड दोन्ही बाजूंनी सरळ प्रवाहच देतात. त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या पात्यांना मात्र आहे. उलट्या दिशेचा पंखा हवा नीट ओढत नाही आणि डायोड तापून मरतात. म्हणून बाह्यरूप आणि बोल्टची भोके जुळली एवढ्यावर समाधान न मानता भाग क्रमांक आपल्या इंजिनासाठी आहे का, ते पाहावे.

ज्या इंजिनांच्या नावापुढे ‘-८’ आहे, जसे सी-८५-८ किंवा सी-९०-८, त्यांच्यावर स्टार्टर आणि जनरेटरची सोयच नसते. ती ‘-१२’ मध्ये असते. व्हॅक्यूम पंप बसवण्याची जागा मोकळी असलेल्या इंजिनांसाठी स्थायी चुंबकाचे, आठ अँपिअरच्या आसपासचे हलके अल्टरनेटर मिळतात. एलईडी दिवे, एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर एवढ्यांना ते पुरतात.

खरी गोम तारांमध्ये आहे. जनरेटरच्या काळातला मास्टर स्विच एकसंध असतो. अल्टरनेटरसाठी तो दुभागलेला हवा, एक अर्धा बॅटरीचा आणि दुसरा फील्डचा, म्हणजे रोटरच्या गुंडाळीला जाणाऱ्या प्रवाहाचा, आणि बॅटरी बंद केली की फील्डही बंद झाले पाहिजे, अशी त्यांची सांगड हवी. बॅटरी नसताना अल्टरनेटर एकटाच चालू राहिला तर त्याच्या व्होल्टेजला स्थिर धरणारे काही उरत नाही. फील्डला स्वतंत्र ब्रेकर लागतो, बहुतेक ठिकाणी पाच अँपिअरचा, आणि मुख्य तारेला अल्टरनेटरच्या क्षमतेला शोभेल असा वेगळा. जनरेटरची तार तशीच वापरण्याचा मोह होतो, पण ३५ अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून ६० अँपिअर पाठवणे म्हणजे आवरणाची परीक्षा पाहणे. वर उल्लेखलेल्या मार्गदर्शिकेनुसार १४ व्होल्टच्या व्यवस्थेत सततच्या भाराला तारेतला व्होल्टेजपात अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. हा आकडा आणि तारेची लांबी हातात घेऊनच जाडी ठरवावी. इंजिन आणि सांगाडा यांच्यातली अर्थिंगची वेणीही याच भाराला पुरेशी हवी, आणि ब्रॅकेटखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडलेला हवा.

रेग्युलेटर त्या अल्टरनेटरच्या जातीचाच घ्यावा. काही अल्टरनेटरमध्ये फील्डचे एक टोक आतच जमिनीला जोडलेले असते आणि रेग्युलेटर धन बाजूने प्रवाह देतो. काहींत रेग्युलेटर ऋण बाजू नियंत्रित करतो. दोन्हींची सरमिसळ केली तर एक तर काहीच निर्माण होत नाही किंवा फील्ड पूर्ण भाराने चालू राहते. दुसरी शक्यता धोक्याची आहे. जनरेटर बेफाम झाला तरी त्याच्या आवाक्याला मर्यादा असे; अल्टरनेटर पूर्ण फील्डवर गेला तर व्होल्टेज झपाट्याने चढते, बॅटरी उकळू लागते आणि रेडिओंची वाट लागते. म्हणून अतिव्होल्टेज संरक्षक ऐच्छिक समजू नये. १४ व्होल्टच्या व्यवस्थेत तो सुमारे १६ व्होल्टला फील्ड तोडतो. त्याच्या जोडीला व्होल्टेज १३ च्या खाली घसरताच पेटणारा लाल दिवा हवा, कारण अल्टरनेटर मरतो तेव्हा आवाज करत नाही. आतच रेग्युलेटर असलेले मोटारीचे काही अल्टरनेटर प्रायोगिक वर्गातल्या विमानांत वापरले जातात. एकदा सुरू झाल्यावर बाहेरच्या स्विचने जे बंदच करता येत नाहीत, त्यांच्यापासून मी दूर राहीन.

इथवर सगळे नीट झाले आणि तरी अँमीटरचा काटा नाचू लागला, तर अनेक जण नवा रेग्युलेटर मागवतात. तो लावूनही काटा नाचतच राहतो. कारण बहुतेक वेळा जुन्या पॅनलमध्ये दडलेले असते. बऱ्याच व्यवस्थांमध्ये रेग्युलेटर ज्या तारेतून फील्डसाठी प्रवाह घेतो, त्याच तारेवरून बसचे, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीचे, व्होल्टेज ‘वाचतो’. ती तार बसपासून निघून ब्रेकरमधून, मास्टर स्विचच्या अर्ध्यातून, कदाचित दोन-तीन जोडण्यांतून त्याच्यापर्यंत येते. पन्नास वर्षांच्या स्विचचे संपर्क काळवंडलेले असतात, टर्मिनलवर हिरवट थर चढलेला असतो. तेवढ्या रोधामुळे फील्डचा प्रवाह वाढला की रेग्युलेटरला दिसणारे व्होल्टेज पडते. खरे व्होल्टेज पुरेसे असूनही त्याला ते कमी वाटते आणि तो फील्ड आणखी वाढवतो. मग बसचे व्होल्टेज वर जाते, तो हात आखडता घेतो, रोधातला पात कमी होतो आणि वाचन एकदम उसळते. हा पाठशिवणीचा खेळ काट्यावर दिसतो, आणि रात्री पॅनलचे दिवे लयीत मंद-तेज होतात. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू न करता, मास्टरचे दोन्ही अर्धे चालू करून मल्टीमीटरची एक सुई बसवर आणि दुसरी रेग्युलेटरच्या आवक टर्मिनलवर धरायची. काही शतांश व्होल्ट दिसले तर ठीक. दोन-तीन दशांश दिसू लागले की एकेक जोडणी ओलांडत जायचे आणि पात कुठे होतो ते शोधायचे. बहुधा गुन्हेगार स्विच किंवा ब्रेकर निघतो. म्हणून अल्टरनेटर बसवतानाच हे दोन्ही नवे घ्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे असते.

अँमीटरकडेही एकदा पाहायला हवे. मधोमध शून्य असलेला जुना मीटर बॅटरीत जाणारा-येणारा प्रवाह दाखवतो. थकलेली बॅटरी आणि ६० अँपिअरचा अल्टरनेटर एकत्र आले की इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे ३० पर्यंतचा मीटर टोकाला भिडू शकतो. एकूण भार दाखवणारा मीटर लावायचा तर त्याची जागा तारांच्या आराखड्यात वेगळी असते, आणि वैमानिकाला काट्याचा अर्थ नव्याने शिकावा लागतो. दोन्हींपैकी काहीही असो, सोबत व्होल्टमीटर हवाच. बस १४.० ते १४.४ च्या दरम्यान स्थिर असेल तर बाकीची शंका बरीचशी मिटते.

हेडफोनमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ ऐकू आली तर ती अल्टरनेटरची. ती नव्यानेच सुरू झाली असेल आणि सोबत प्रवाहही कमी पडत असेल, तर एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा. पहिल्या दिवसापासून असेल तर अर्थिंग आणि मुख्य तारेजवळून गेलेल्या मायक्रोफोनच्या तारा आधी पाहाव्यात आणि फिल्टर नंतर.

वजनात सहसा काही किलोंची बचत होते. ती विमानाच्या नाकाशी होत असल्याने गुरुत्वमध्य किंचित मागे सरकतो, आणि वजन-संतुलनाचा तक्ता नव्याने करावा लागतो. मान्यताप्राप्त विमानासाठी एसटीसी (मूळ रचनेत बदल करण्याची अमेरिकी मंजुरी) किंवा आपल्या देशातल्या नियामकाची तत्सम मंजुरी लागते. तिच्या यादीत आपले इंजिन आणि आपले विमान दोन्ही आहेत का, आणि आधीच बसवलेल्या इतर बदलांशी तिचा मेळ बसतो का, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे. होकायंत्राची तपासणी अनेकदा राहून जाते. जड प्रवाहाची नवी तार पॅनलमागून गेली असेल तर ती होकायंत्राला ढळवू शकते, म्हणून अल्टरनेटर चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत वाचने घेऊन विचलनाचा तक्ता नवा लिहावा.

पहिल्या उड्डाणापूर्वी जमिनीवर सगळा भार एकदम लावून व्होल्टेज टिकते का ते पाहावे आणि मग फील्डचा स्विच बंद करून लाल दिवा खरोखर पेटतो का, तेही. पट्टा असलेल्या इंजिनावर नवा पट्टा सुरुवातीला ताणला जातो, म्हणून लायकमिंग पहिल्या २५ तासांनंतर ताण पुन्हा मोजायला सांगते. नव्या आणि वापरलेल्या पट्ट्याच्या ताणाचे आकडे वेगवेगळे असतात, आणि २५ तास चाललेला पट्टा वापरलेला धरला जातो. गिअरच्या इंजिनावर त्याच सुमारास तेल बदलून फिल्टर कापून पाहावा आणि त्याच्या घड्यांत काळे रबरी कण आढळले तर पुढच्या उड्डाणाआधी अल्टरनेटर बाहेर काढावा.